ट्रेसिंग ‘बंद’, तरी बॉक्स सुस्त: परत परत येणाऱ्या तक्रारीची उकल

सावदा-रावेर पट्ट्यातल्या केळी पिकवायच्या बंद खोल्यांवर, म्हणजे रायपनिंग चेंबरवर, आम्ही छोटे लिनक्स बॉक्स सांभाळतो. चेंबरमधलं तापमान, आर्द्रता आणि कार्बन डायऑक्साइडचं रीडिंग आरएस-४८५ या सिरीयल तारेवरून, मॉडबस या यंत्रांच्या संवाद-पद्धतीने, या बॉक्सपर्यंत येतं आणि पुढे जळगावच्या सर्व्हरवर जातं. या बॉक्सची एक तक्रार ठरलेली आहे: रीडिंग मध्येच गळतात, लॉगमध्ये सीआरसी एरर (डेटा वाटेत बिघडल्याची खूण) आणि टाइमआउट दिसायला लागतात, सीपीयू मात्र शंभर टक्क्यांवर गेलेला नसतो. अमळनेरकडचा आमचा फील्डवरचा मुलगा फोन करून एवढंच म्हणतो, “दादा, परत तेच व्हयनं.”

तार, टर्मिनेशनचा रेझिस्टर, सेन्सरचा पत्ता हे सगळं तपासून झालेलं असतं. इतिहास विचारला की कळतं, मागे कधीतरी ड्रायव्हरचा त्रास शोधायला कोणीतरी कर्नल ट्रेसिंग, म्हणजे लिनक्सच्या गाभ्यात (कर्नलमध्ये) कोणतं फंक्शन कधी चाललं याची नोंद, चालू केलं होतं. “पण ते तेव्हाच बंद केलं,” असं प्रत्येक जण शपथेवर सांगतो. त्यात खोटंही काही नसतं. गोंधळ ‘बंद’ म्हणजे नेमकं काय बंद, यात आहे.

ट्रेसिंगचा भार तीन जागी बसतो. पहिली जागा कंपायलरची: कर्नल बिल्ड होताना प्रत्येक फंक्शनमध्ये जे घालून ठेवलं, ते. दुसरी, चालू कर्नलने त्या जागांवर नंतर जे पॅच केलं (मेमरीतल्या मेमरीत बदललं) ते. तिसरी, पॅचमधून बोलावला जाणारा कोड आणि त्याचं रिंग बफरमधलं (नोंदींच्या गोल साठ्यातलं) लिखाण. तक्रार यातल्या कुठल्या जागेची आहे हे ठरवल्याशिवाय सेटिंग बदलत बसू नका. नाहीतर लक्षण जातं, कारण तसंच राहतं आणि पुढच्या महिन्यात पुन्हा फोन येतो.

सगळ्यात आधी विचारा: लाईट जाऊन आल्यावर बॉक्स सुधारतो का? आपल्याकडे या प्रश्नाचं उत्तर कोणाहीकडे तयार असतं. एफट्रेसची, म्हणजे कर्नलमधल्या या ट्रेसिंगच्या सोयीची, सेटिंग डिस्कवर राहत नाहीत, रीबूट झाला की साफ. त्यामुळे लाईट गेल्यावर दुखणं आपोआप बरं होत असेल, तर चालू कर्नलमध्ये कोणीतरी काहीतरी लावून ठेवलंय. रीबूटनंतरही तसंच राहत असेल तर दोष बूट पॅरामीटरमध्ये, सुरू होतानाच चढणाऱ्या एखाद्या मॉनिटरिंग एजंटमध्ये किंवा थेट कर्नलच्या बिल्डमध्ये आहे. (इथून पुढे फाइली आणि पर्यायांची नावं देवनागरीत आहेत. टर्मिनलवर ती अर्थातच रोमन लिपीत टाका.)

मे महिन्यात ही चाचणी फसवते. भुसावळ-जळगावला पारा ४५ च्या पुढे जातो आणि पत्र्याच्या शेडखालचा बॉक्स स्वतःच स्वतःचा वेग कमी करतो. लाईट गेली की तो थोडा गार होतो आणि आल्यावर तासभर नीट चालतो. झालं, लोक म्हणतात रीबूटने सुटलं. म्हणून ऊन आणि ट्रेसिंग आधी वेगळं करून घ्या. पर्फ या मोजमापाच्या साधनाची ‘स्टॅट’ कमांड लावून ठरावीक कामाचे, समजा शंभर रीडिंगचे, सायकल आणि इन्स्ट्रक्शन मोजा, आणि त्यात कर्नलच्या बाजूचं मोजमाप धरलंय ना, ते बघा. उष्णतेमुळे घड्याळ मंदावलं असेल तर इन्स्ट्रक्शनचा आकडा जवळपास तोच राहतो, फक्त वेळ वाढतो आणि पर्फ दाखवतो तो गिगाहर्ट्झचा आकडा खाली येतो. ट्रेसिंगचा भार असेल तर त्याच कामासाठी इन्स्ट्रक्शनच वाढलेल्या दिसतात. थर्मल झोनची टेंप फाइलही वाचा. तिथला आकडा अंशाच्या हजाराव्या भागात असतो, म्हणजे ८५००० म्हणजे ८५ अंश.

इन्स्ट्रक्शन वाढल्या असतील तर पुढे चला.

सिस, कर्नल, ट्रेसिंग या डिरेक्टरीत जा. कर्नल ४.१ च्या आधीचा असेल तर तीच डिरेक्टरी डीबग-एफएसच्या आत सापडेल. बहुतेक लोक इथल्या ट्रेसिंग_ऑन या फाइलीत शून्य लिहितात आणि हात झटकतात. मुख्य घोळ हाच. त्या शून्याने फक्त रिंग बफरमध्ये लिहिणं थांबतं. फंक्शनच्या तोंडाशी केलेले पॅच जागेवरच राहतात, प्रत्येक कॉल ट्रॅम्पोलिनमध्ये (मधल्या छोट्या कोडमध्ये) जातो, रजिस्टर सांभाळले जातात, कॉलबॅक चालतो आणि शेवटी ‘लिहायचं नाही’ एवढं कळून परत फिरतो. ड्रिपच्या नळ्यांची टोकं दुमडून बांधली म्हणून विहिरीवरची मोटार बंद होत नाही, तसंच आहे हे. मोटार बंद करायची तर करंट_ट्रेसर या फाइलीत ‘नॉप’ लिहावं लागतं. ते लिहिलं की कर्नल प्रत्येक जागेवरचा कॉल काढून तिथे परत रिकामी इन्स्ट्रक्शन (तिलाही नॉपच म्हणतात) बसवतो.

‘फंक्शन’ ट्रेसरपेक्षा ‘फंक्शन_ग्राफ’ महाग पडतो, कारण तो फंक्शनमध्ये शिरताना तर पकडतोच, शिवाय परतीचा पत्ता बदलून बाहेर पडतानाही पकडतो. आमच्या बॉक्सवर रीडिंग गळण्याचं थेट कारण बहुतेक वेळा हाच असतो. मॉडबस आरटीयूमध्ये एक फ्रेम संपली हे साडेतीन कॅरेक्टरच्या शांततेवरून ठरतं. ९६०० बॉडला, ११ बिटांचं कॅरेक्टर धरलं तर ती शांतता साधारण ४ मिलिसेकंदांची. सिरीयलचा इंटरप्ट, त्यानंतरचं वर्क आणि प्रोसेस उठवणं या सगळ्या वाटेवर हजारो छोटी फंक्शनं लागतात. प्रत्येकावर ग्राफ ट्रेसर बसला की आपल्या बाजूचे ते ४ मिलिसेकंद पुरत नाहीत आणि एका फ्रेमचे दोन तुकडे होतात. सीपीयू ४० टक्के दाखवत असला तरी फ्रेम तुटलेलीच.

करंट_ट्रेसर ‘नॉप’ करूनही आकडे खाली आले नाहीत तर एनेबल्ड_फंक्शन्स ही फाइल वाचा. माझ्या मते सगळ्या डिरेक्टरीत सर्वांत प्रामाणिक फाइल हीच. कोणीही, कुठूनही एफट्रेसमार्फत फंक्शनला अडकवलं असेल तर ते नाव इथे दिसतं आणि त्यावर किती जण अडकलेत तेही. एका फंक्शनवर एकच कॉलबॅक असेल तर एक्स-८६ वर कर्नल त्याला स्वतंत्र ट्रॅम्पोलिन देतो आणि काम स्वस्तात होतं. दोन जण अडकले की सामायिक यादी चालवणारं फंक्शन मध्ये येतं आणि दर कॉलला सगळी यादी तपासली जाते. दोन टीमनी एकाच नेटवर्क फंक्शनवर आपापलं काहीतरी लावलं की भार नुसता दुप्पट होत नाही, त्याहून जास्त होतो, तो याचमुळे.

सेट_इव्हेंट (चालू इव्हेंटची यादी) रिकामी आहे म्हणून निश्चिंत होऊ नका. इन्स्टन्सेस या डिरेक्टरीत कोणी वेगळा ट्रेसिंग इन्स्टन्स बनवून ठेवला असेल तर त्याचे इव्हेंट त्याच्याच सेट_इव्हेंटमध्ये असतात, वरच्या पातळीवर दिसतच नाहीत. आत शिरून बघा आणि नको असलेला इन्स्टन्स आरएमडीआयआरने काढून टाका. केप्रोब_इव्हेंट्स आणि यूप्रोब_इव्हेंट्सही वाचा. केप्रोब म्हणजे कर्नलच्या कोडमध्ये हव्या त्या जागी लावलेला सापळा, यूप्रोब म्हणजे तसाच साध्या प्रोग्राममधला. केप्रोबचं तर डीबग-एफएसमधल्या केप्रोब्सच्या लिस्टवरूनही कळतं. एक्स-८६ वर फंक्शनच्या मध्यातला प्रोब जमलं तर ब्रेकपॉइंटऐवजी जंप होतो आणि लिस्टमध्ये तसा ‘ऑप्टिमाइज्ड’ शेरा येतो. आमच्या आर्म-६४ बॉक्सवर ही सवलत नाही. तिथे प्रत्येक धडक म्हणजे एक पूर्ण एक्सेप्शन. गरम वाटेवर केप्रोब लावून घरी जाऊ नये.

सिस्टम कॉलच्या (प्रोग्रामने कर्नलकडे केलेल्या मागणीच्या) ट्रेसपॉइंटची, म्हणजे कोडमध्ये आधीच लिहून ठेवलेल्या नोंद-जागेची, गोष्ट वेगळीच आहे आणि लोकांना ती पटत नाही. सिस्कॉलचा एकच इव्हेंट, एकाच पीआयडीचा (प्रोसेस क्रमांकाचा) फिल्टर लावून चालू केला, तरी कर्नल सगळ्या थ्रेडवर एक फ्लॅग उभा करतो. त्यानंतर प्रत्येक थ्रेडचा प्रत्येक सिस्टम कॉल लांबच्या वाटेने जातो, आणि तुमचा फिल्टर त्या वाटेच्या शेवटी नको त्याला टाकून देतो. ऑडिटचंही (सुरक्षेसाठी कर्नल ठेवतो त्या नोंदींचंही) तेच. ऑडिट चालू असेल आणि नियम एकही नसेल, तरी सिस्टम कॉल लांबच्या वाटेने जाऊ शकतात. ज्यांना ऑडिट लागतच नाही त्यांनी ‘टास्क, नेव्हर’ हा नियम घालावा, म्हणजे नव्या प्रोसेसवर तो फ्लॅग चढत नाही. आधीपासून चालू असलेल्या प्रोसेस मात्र रीस्टार्ट कराव्या लागतात.

रीबूटनंतरही दुखणं राहतंय त्यांनी आधी प्रॉकमधली सीएमडीलाइन वाचावी. तिथे ‘एफट्रेस=’ किंवा ‘ट्रेस_इव्हेंट=’ दिसलं तर शोध संपला. बूटलोडरच्या फाइलीत वर्षापूर्वी घातलेला पर्याय कोणाच्याच लक्षात राहत नाही. तिथे काही नसेल तर बीपीएफ (कर्नलच्या आत चालवायचे छोटे प्रोग्राम) वापरणारे एजंट बघा. बीपीएफटूल प्रोग शो आणि बीपीएफटूल पर्फ शो या दोन कमांडवरून कोणती प्रोसेस कुठे अडकली आहे ते कळतं. सिसकंट्रोलमधलं बीपीएफ_स्टॅट्स_एनेबल्ड थोडा वेळ एक केलं तर प्रत्येक प्रोग्राम किती वेळा चालला आणि त्याने किती नॅनोसेकंद खाल्ले हेही दिसतं. बघून झालं की परत शून्य करा. मोजण्यालाही भार असतोच.

आता कंपायलरकडे येऊ. माझ्या अनुभवात सर्वाधिक चुकीचे निष्कर्ष इथे निघतात. ‘फंक्शन ट्रेसर कॉन्फिगमध्ये आहे म्हणून कर्नल मंद आहे, तो काढून नवा बिल्ड करू,’ असं म्हणत लोक रात्र घालवतात आणि सकाळी फरक शून्य.

फंक्शन ट्रेसर कर्नलमध्ये आला २.६.२७ या आवृत्तीत, २००८ साली. जीसीसी या कंपायलरला ‘-पीजी’ दिलं की तो प्रत्येक फंक्शनच्या सुरुवातीला ‘एमकाउंट’ नावाच्या फंक्शनचा कॉल घालतो. हे मुळात प्रोफायलिंगसाठी होतं, ट्रेसिंगने त्यावर आपलं बिऱ्हाड थाटलं. यात दोन अडचणी होत्या. एमकाउंटचा कॉल फंक्शनच्या प्रोलॉगनंतर (सुरुवातीच्या तयारीच्या कोडनंतर) येई आणि त्यासाठी फ्रेम पॉइंटर ठेवावाच लागे, म्हणजे ट्रेसिंग बंद असतानाही एक रजिस्टर कायमचं अडकलेलं. ३२-बिटवर तर २००९ मध्ये जीसीसीने स्टॅक जुळवण्यासाठी असा काही विचित्र प्रोलॉग काढला की परतीचा पत्ता बदलणाऱ्या ग्राफ ट्रेसरची गणितंच चुकली. पुढे जीसीसी ४.६ मध्ये ‘-एमफेंट्री’ आलं. त्यात कॉल फंक्शनच्या अगदी पहिल्या बाइटवर, प्रोलॉगच्याही आधी बसतो. फ्रेम पॉइंटरची सक्ती गेली. आर्म-६४ वर कर्नल ५.५ पासून ‘पॅचेबल-फंक्शन-एंट्री’ वापरतात. तिथे कंपायलर कॉल घालतच नाही, फक्त चार-चार बाइटच्या दोन रिकाम्या इन्स्ट्रक्शन सोडून देतो.

डायनॅमिक एफट्रेस चालू असेल तर एक्स-८६ वर बूट होताना हे सगळे कॉल पाच बाइटच्या नॉपमध्ये बदलले जातात. एक्स-८६ च्या कर्नलचं डिसअसेंब्ली उघडलंत तर फंक्शनच्या तोंडाशी ई८ ने सुरू होणारा कॉल दिसतो. घाबरू नका, ती डिस्कवरची प्रत आहे. चालू मेमरीत त्या जागी ०एफ १एफ ४४ ०० ०० असतं, म्हणजे काहीच न करणारी एक इन्स्ट्रक्शन. नेहमीच्या डिस्ट्रोच्या कर्नलमध्ये अशा जागा साधारण चाळीस-पन्नास हजार असतात, म्हणजे विखुरलेले दोन-अडीचशे किलोबाइट. इन्स्ट्रक्शन कॅशवर त्याचा थोडा ताण येतो, नाही असं नाही, पण रीडिंग गळण्याइतका कधीच नाही. कॉन्फिगमध्ये फंक्शन ट्रेसर आहे आणि डायनॅमिक एफट्रेस नाही, असा कोणीतरी हाताने कापलेला एम्बेडेड कर्नल असेल तर मात्र प्रत्येक फंक्शनमध्ये खरा कॉल कायम राहतो. कॉन्फिगमध्ये पहिली नजर या एका ओळीवर टाका.

जाता जाता: या जागांची यादी बिल्डच्या वेळीच का बनवतात, यालाही इतिहास आहे. सुरुवातीला ती चालू कर्नलमध्ये गोळा होत असे. २.६.२७ च्या आरसी (अंतिम आवृत्तीआधीच्या चाचणीच्या) काळात मोकळ्या झालेल्या मॉड्यूलच्या मेमरीतल्या जुन्या जागेवर एफट्रेसने लिहिलं, आणि त्या पत्त्यावर तोवर ई१०००ई नेटवर्क कार्डाची मेमरी येऊन बसली होती. कार्डांचं एनव्हीआरएम (कायमची मेमरी) खराब झालं. संशय आधी कित्येक आठवडे ड्रायव्हरवर होता.

कॉन्फिगमधल्या खऱ्या महागड्या ओळी वेगळ्याच आहेत. आयआरक्यू-ऑफ ट्रेसर आणि प्रीएम्प्ट ट्रेसर बिल्डमध्ये असले की इंटरप्ट बंद करणं, प्रीएम्प्शन बंद करणं अशा एरवी एक-दोन इन्स्ट्रक्शनच्या कामांना खऱ्या फंक्शन कॉलची जोड मिळते, ट्रेसर चालू असो वा नसो. ‘प्रोफाइल ऑल ब्रँचेस’ तर कर्नलमधला प्रत्येक ‘इफ’ मोजतो. त्याच्या मदत-मजकुरातच मोठ्या भाराचा इशारा आहे. केकोव्ह, म्हणजे कोणता कोड चालला ते नोंदवणारी सोय, प्रत्येक बेसिक ब्लॉकला कॉल घालतो. ही सगळी टेबलावर तपासायची हत्यारं. चेंबरवर पाठवायच्या बिल्डमध्ये यातलं एकही नको.

ट्रेसपॉइंट हा आणखी वेगळा प्रकार. त्याचा भार बंद अवस्थेत जवळपास शून्य असावा म्हणून जीसीसी ४.५ मध्ये ‘असेम गोटो’ आलं आणि त्यावर कर्नल २.६.३७ मध्ये जंप लेबल. आधी प्रत्येक ट्रेसपॉइंट मेमरीतून एक व्हेरिएबल वाचून, तपासून, उडी मारत असे. आता वाटेत फक्त एक नॉप असतो, आणि ट्रेसपॉइंट चालू केला की त्या जागी जंप पॅच होतो. ट्रेसिंगचा खरा कोड कंपायलर फंक्शनच्या शेवटी, रहदारीबाहेर नेऊन ठेवतो.

पण हा शून्य भार तुम्ही ट्रेसपॉइंटला काय देता यावर टिकून आहे. आमच्याच एका ड्रायव्हरमध्ये अशी ओळ होती:

ट्रेस_रीडिंग(आयडी, चेकसम(बफर, लांबी));

ट्रेसपॉइंट बंद, एनेबल्ड_फंक्शन्स रिकामी, कॉन्फिग स्वच्छ, तरी पर्फ टॉपमध्ये ‘चेकसम’ वरच्या ओळींत. कारण साधं आहे. कंसातला चेकसमचा कॉल हा ट्रेस_रीडिंगचा आर्ग्युमेंट आहे, आणि सी भाषेत आर्ग्युमेंट फंक्शनमध्ये शिरण्यापूर्वी मोजला जातो. चालू-बंदची तपासणी मात्र ट्रेस_रीडिंगच्या आत आहे. चेकसम दुसऱ्या फाइलीत असेल तर त्याचे साइड इफेक्ट आहेत की नाहीत हे कंपायलरला कळायला मार्ग नाही, म्हणून तो कॉल ना काढू शकतो, ना खाली ढकलू शकतो. ऑब्जडंपमध्ये (डिसअसेंब्लीत) क्रम स्वच्छ दिसतो: आधी चेकसमचा कॉल, त्यानंतर नॉप. म्हणजे सगळा बफर मोजायचा आणि मग काहीच करायचं नाही. दर फ्रेमला हेच.

उपाय दोन. एक तर बफरचा पॉइंटर आणि लांबीच पाठवा आणि चेकसमचं काम ट्रेस इव्हेंटच्या ‘टीपी_फास्ट_असाइन’ भागात करा. तो भाग ट्रेसपॉइंट चालू असतानाच चालतो. नाहीतर असं लिहा:

इफ (ट्रेस_रीडिंग_एनेबल्ड())
ट्रेस_रीडिंग(आयडी, चेकसम(बफर, लांबी));

ती एनेबल्ड तपासणीही तशाच स्टॅटिक कीवर (वरच्या जंप लेबलवर) चालते, म्हणून वाटेत पुन्हा फक्त एक नॉप उरतो. मी पहिला मार्ग घेतो. दुसऱ्यात पुढचा माणूस इफ काढून टाकण्याची भीती राहते.

याच जातीचा आणखी एक त्रास म्हणजे हेडर फाइलीतल्या इनलाइन फंक्शनमध्ये टाकलेला ट्रेसपॉइंट. ते फंक्शन जिथे जिथे वापरलं जातं तिथे तिथे नॉप आणि बाजूचा सगळा ट्रेसिंग कोड उमटतो. तिथे हेडरमध्ये फक्त ट्रेसपॉइंट_एनेबल्ड ही तपासणी ठेवा आणि खरा ट्रेसपॉइंट एका सी फाइलीतल्या साध्या फंक्शनमधून बोलवा.

कंपायलर बदलल्यावर येणारी तक्रार थोडी निराळी असते: ‘काल हे फंक्शन ट्रेस होत होतं, आज फिल्टर त्याचं नावच घेत नाही.’ तिथे काही बिघडलेलं नसतं. नव्या जीसीसीने ते फंक्शन इनलाइन केलं (बोलावणाऱ्या फंक्शनमध्येच विरघळवलं) किंवा त्याचे तुकडे करून नावाला ‘डॉट आयसरा’, ‘डॉट कॉन्स्टप्रॉप’, ‘डॉट पार्ट’ अशी शेपटी लावली. अव्हेलेबल_फिल्टर_फंक्शन्समध्ये नावाचा पहिला भाग ग्रेप करून बघा. इथे धोका वेगळाच: लोक वैतागून फिल्टर रिकामा करतात, आणि रिकामा फिल्टर म्हणजे सगळीच फंक्शनं. इतका वेळ एका फंक्शनपुरता असलेला भार पन्नास हजार जागांवर पसरतो. फिल्टर नाव घेत नसेल तर त्याला बोलावणारं फंक्शन ट्रेस करा, फिल्टर पुसू नका.

एवढं करूनही पत्ता लागला नाही तर बॉक्स रीबूट करण्याआधी हे जमवून ठेवा: एनेबल्ड_फंक्शन्सची पूर्ण प्रत, प्रत्येक इन्स्टन्सचं सेट_इव्हेंट, केप्रोब लिस्ट, सीएमडीलाइन, प्रॉकमधली व्हर्जन फाइल (कर्नल कोणत्या कंपायलरने बांधला हे तीत असतं) आणि दहा सेकंदांचं पर्फ रेकॉर्ड. पर्फमध्ये एफट्रेस_कॉलर, रिटर्न_टू_हँडलर किंवा रिंग_बफरने सुरू होणारी नावं वर दिसली तर शोध चालू कर्नलमध्येच करा. ती नसतील आणि तुमच्याच ड्रायव्हरचं एखादं साधंसं फंक्शन वर दिसलं तर ट्रेसपॉइंटच्या कंसात काय लिहिलंय ते उघडून बघा. आणि फील्डवरच्या माणसाला सांगून ठेवा की हे सगळं हातात येईपर्यंत बॉक्सचा स्विच बंद-चालू करायचा नाही.